मागच्या दाराची कॉर्ड

वहिनी, तुझ्या अंत्यविधीला कीबोर्डवर मीच बसले. दुसरं कोण बसणार? आपल्या अंबरनाथच्या चर्चमध्ये तू आणि मी सोडून त्या पट्ट्यांना आणखी कुणाचा हात लागला असेल, तर तो फडकं मारणाऱ्याचा. आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. चहा नको म्हणाले, मग घेतला, आणि कप खाली ठेवून विचारलं, "मार्थाबाई, गीतं कुठली घ्यायची?" मी दोन सांगितली, अंत्यविधीला सगळीकडे म्हणतात तीच. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले तुझे दादा म्हणाले, "रतनचं सकाळचं गीत पण घ्या. आमच्या आईचं फार आवडतं. नगरहून आलेले आम्ही सगळे उभे राहून म्हणू."

मी चमकून दादांकडे बघितलं. बाकी कुणाला काही कळलं नाही. भाऊ नुसता मान हलवत राहिला, त्याला त्या दिवशी काय विचारलं तरी तो मान हलवत होता. पाळकसाहेबांनी लिहून घेतलं. तुला मात्र कळलं असतं आणि तू पदराआड हसली असतीस. कारण ते गीत नगरला एका चालीने म्हणतात आणि आपल्याकडे दुसऱ्या. फरक एकाच सुराचा, पण नेमका सगळे जिथे दम भरून थांबतात तिथला. त्याच सुरावरून आपण दोघी इतकी वर्षं भांडलो, आणि ते भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलीस. आता तुझ्या माहेरची माणसं आणि तुझ्या सासरचं चर्च, दोन्ही बाजू तुझ्या शवपेटीसमोर उभ्या राहून एकाच वेळी दोन वेगळे सूर लावणार, आणि मधे मी. रात्रभर मला एकच धास्ती होती, की तुझा निरोप बेसूर होईल.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा चर्चमध्ये पियानो होता. म्हणजे होता इतकंच. त्याच्यावर फुलांच्या कुंड्या आणि गीतांच्या पुस्तकांचे गठ्ठे असायचे. फॅक्टरीतल्या कुठल्याशा साहेबाने बदली होऊन जाताना तो चर्चला देऊन टाकला होता. वाजवणार कोण, हा प्रश्न साहेबाला पडला नाही आणि त्याला विचारायचा धीर आमच्यात कुणाला झाला नाही. आमच्याकडे गाणं म्हणजे अप्पांची पेटी. तुला सासरे बघायलाच मिळाले नाहीत, नाहीतर त्यांची आणि तुझी चांगली जुंपली असती. अप्पा पेटीवर चाल धरायचे, मी पुढे उभी राहून गायचे, मंडळी मागून यायची. पेटी आणि गळा एकाच सुरावर, त्यात दुसऱ्या सुराला जागा नाही. अप्पांच्या मागे पेटी माझ्याकडे आली आणि अप्पांचा ताठाही आला.

पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर तू पियानोवरच्या कुंड्या एकेक करून खाली उतरवल्यास. नवी नवरी, हातात हिरवा चुडा, आणि कुणाला विचारणं नाही की सांगणं नाही. मी मनात म्हटलं, भावाने झाडलोट करणारी आणली वाटतं. मग तू झाकण उघडून बसलीस. आम्ही रोज म्हणतो तेच गीत होतं, पण त्याच्या खाली जमीन आल्यासारखं वाटलं. मंडळी बाहेर चपला घालत होती, ती चपला हातात धरून परत आत आली. मला कौतुक वाटलं आणि रागही आला. दोन्ही खरं आहे, आता लपवून काय करू?

आपल्या पुस्तकात नुसते शब्द. सूर लिहिलेलं पुस्तक तुझ्या नगरच्या बोर्डिंगमध्येच राहिलं होतं. मिसबाईंनी तुला ते वाचायला शिकवलं होतं, पण इथे वाचायला काही नव्हतंच, म्हणून तू मनाने वाजवायचीस. उजव्या हातात चाल, डाव्या हातात कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम दाबलेले. मी विचारायचे, "हे तुला सुचतं कुठून?" तू म्हणायचीस, "सुचत नाही गं, माणसं कुठे जातात ते बघायचं आणि खाली हात धरायचा." मला ते तेव्हा नुसतं बोलणं वाटलं.

शनिवारी दुपारी मी शाळेतून आले की तू मला पियानोवर बसवायचीस. पेटीवालीचा डावा हात भात्यावर असतो, त्याला सूर माहीत नसतात. माझी बोटं लाकडासारखी पडायची. तू नावं सोपी केलीस. "हे बघ मार्था, कुठल्याही गीताला एक घर असतं. तिथून निघायचं आणि तिथेच यायचं. अंगणात गेलीस तर निवांत बस, घाई नाही. पण फाटकाशी गेलीस की लोकांना वाटतं, ही आता घरात येणार. तिथे फार वेळ उभी राहू नकोस, माणसं ताटकळतात." घर, अंगण, फाटक. तीन कॉर्ड आणि सगळं पुस्तक वाजवता येतं, असं तुझं म्हणणं.

"आणि तुझ्या घराला मागचं दार नाही का?" मी थट्टेने विचारलं होतं.

तू हसली नाहीस. जरा विचार केलास आणि डावा हात सरकवून एक कॉर्ड वाजवलीस. सूर जवळपास तेच, पण ऊन सरून सावली आल्यासारखं वाटलं. "आहे ना," म्हणालीस. "मायनर. हे तुझं मागचं दार." पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी सहा, पांढरी एक, पांढरी तीन. तू त्यांना ए, सी, ई म्हणायचीस. तुला माझी नावं गावंढळ वाटायची आणि मला तुझी अपुरी.

तुझ्या पहिल्या पावसाळ्यात तू आम्हाला ते सकाळचं गीत शिकवलंस. तुझा आवाज बसका, तू कधी गायचीच नाहीस. पियानोवर चाल वाजवणार आणि आम्ही ऐकून उचलणार, अशी तुझी पद्धत. त्या गीतात एक ओळ आहे, तिथे चाल पाच, सहा, सात अशी जिना चढते आणि वरच्या पांढऱ्या एकवर जाऊन थांबते. सगळ्यांनी तिथे सूर लांबवायचा. आणि पावसाने फुगून नेमकी तीच पट्टी बसलेली. दाबली की आत जायची, आवाज नाही. मंडळी मोठ्या उत्साहाने जिना चढली आणि वरच्या पायरीवर दिवाच नाही. मग पुढचा सूर जो होता, पांढरी सहा, त्यावर सगळे उतरले आणि तिथेच लांबवत राहिले. कुणाला काही खटकलं नाही.

पहिल्यांदा खाली कोण आलं, हा आपला दुसरा वाद. तू म्हणायचीस मी, कारण मी पुढे उभी होते. मी म्हणायचे मागच्या बाकावरचे याकोबकाका, कारण त्यांचा आवाज एकदा जिकडे वळला की सगळं चर्च तिकडे वळतं. याकोबकाकांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "चाल अशीच आहे." एकूण काय, पट्टी सुकून परत वाजायला लागेपर्यंत आपल्या मंडळींच्या गळ्यात ती चाल पक्की बसली होती. आणि आपल्या मंडळींच्या गळ्यातून काही काढायचं म्हणजे फणसाचा चीक काढण्यापैकी.

त्याच पावसाळ्यात तुझं बाळ पोटातच गेलं. घरी कुणी त्याबद्दल बोललं नाही. भाऊ ड्यूटीवर जायचा आणि यायचा. मी तुला पेज करून द्यायचे, तू ती अर्धी प्यायचीस आणि वाटी स्वतः घासायला उठायचीस. मला तुझ्याशी काय बोलावं ते कधी कळलं नाही, म्हणून मी डाळीत मीठ जास्त झालं, नळाला पाणी कधी येणार, असलं काहीबाही बोलत राहायचे. काही रविवार तू आली नाहीस. मग एकदा आलीस आणि सरळ पियानोवर बसलीस. सकाळचं गीत निघालं. मंडळी जिना चढून पांढऱ्या सहावर उतरली, आणि तुझ्या डाव्या हाताने मागचं दार उघडलं.

आधी तिथे अंगण होतं. त्या रविवारपासून तिथे कायमची मायनर आली. उजाडल्याच्या आनंदाचं गीत, आणि त्या एका ठिकाणी काळजात काहीतरी हलायचं. मी पुढे उभी होते. वळून बघितलं नाही, पण मनात म्हटलं, हे बाळाचं आहे.

मग बरीच वर्षं गेली. टीव्हीवर रविवारी सकाळी ती मालिका लागायची, रस्ते ओस पडायचे, आणि आपल्यातलेही काही जण उपासनेला हमखास उशिरा यायचे, ते दिवस. एका नाताळानंतर तुझे दादा राहायला आले होते. स्वयंपाकघरात तू करंज्यांचा डबा काढत होतीस, मी गुणगुणत होते, आणि दादा माझ्या आवाजात आवाज मिसळून गायला लागले. त्या ओळीला ते वर गेले, मी खाली आले. दोघंही थांबलो.

"इथं वर जातंय ना ते?" दादा म्हणाले.

"नाही, आमच्याकडे असंच आहे," मी म्हटलं.

"तुमच्याकडचं काय, ताई? गीत आमच्याकडनं आलंय की!" आणि ते मोठ्याने हसले. तू करंजी त्यांच्या हातात देऊन म्हणालीस, "दादा, खा गुपचूप."

त्या रात्री मी तुला खोदून खोदून विचारलं आणि फुगलेल्या पट्टीची गोष्ट तेव्हा मला कळली. तुला पहिल्यापासून माहीत होतं! इतकी वर्षं सगळं चर्च चुकीचं गातंय आणि तू आपली खाली हात धरून बसली आहेस. मी शाळेत वह्या तपासणारी बाई. मला चूक दिसली की हात शिवशिवतात.

म्हणून मी तुला उल्हासनगरला नेलं. पुढच्या पावसाळ्यात ती पट्टी पुन्हा बसली होती, आणि पेटी दुरुस्त करणाऱ्या त्या सिंधी शेठनी सांगितलं होतं की बाजा आणता येत नसेल तर पट्टी काढून आणा. आपण दोघींनी पियानोचं पुढचं फळकूट काढलं आणि पट्टी उचलली. बाहेरून बोटभर दिसणारी पट्टी आत चांगली हातभर लांब निघाली. बाजाराच्या पिशवीतून ती शेवग्याच्या शेंगेसारखी बाहेर डोकावत होती. रिक्षात शेजारच्या बाईने तुला विचारलं, "काय आहे हो हे?" तू म्हणालीस, "दात दुखतोय, दाखवायला नेतोय." मला हसू आवरेना आणि मी रागावलेली होते, त्यामुळे माझी फार पंचाईत झाली.

शेठनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. "अरे साईं, बाहर इतनीशी और अंदर इतनी लंबी! बाई, ये तो सासरवाडी जैसी निकली." मग कानस काढून तिच्या कडा घासल्या, भोक मोकळं केलं. "घासून दिली. पण बारिश में फिर फुगेल हां. लकडी आहे, मेरी नौकर थोडी आहे." तू त्यांना म्हणालीस, "फुगू दे. आम्हाला सवय आहे." मी तुझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

शनिवारी पट्टी परत बसवली. खणखणीत वाजली. मी म्हटलं, "झालं. उद्या उपासनेआधी मी सगळ्यांना खरी चाल शिकवते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? चुकीचं गातोय आपण."

"त्रास कुणाला होतोय?"

"मला होतोय!"

"अहो वन्सं," तू म्हणालीस. तू रागावलीस की मी मार्थाची वन्सं व्हायचे. "इतकी वर्षं माणसं तिथं उभी आहेत. आता तिथनं उठवायची का त्यांना?"

"मग निदान ती मायनर तरी काढ. आनंदाचं गीत आहे. मूळ चालीत तिथे अंगणच आहे ना?"

तू मला अंगण वाजवून दाखवलंस आणि बोटाने पांढरी सहा दाबलीस. "ऐक. आपली माणसं सहावर. आणि अंगणात ही पाच येऊन त्यांना खेटून बसते. कोपर लागतंय का नाही?"

लागत होतं. माझ्या कानालाही कळलं. "म्हणून मागचं दार?"

"म्हणून पण."

"आणि दुसरं कशासाठी?"

"आता दोघींत नाही कळायचं. भरलेल्या चर्चमध्ये कळेल कधीतरी."

मी पुढे विचारलं नाही. मला वाटलं, आता ही बाळाचं नाव काढेल. त्याला नाव तरी कुठे ठेवलं होतं? मी पुस्तकं आवरायला घेतली. तो वाद तिथेच राहिला. तुला बहुतेक वाटलं की मला पटलं, आणि मला वाटलं की मी तुला सांभाळून घेतलं. नंतर तू आजारी असलीस किंवा नगरला गेलीस की मी वाजवायचे, तेव्हा तुझ्या त्या मायनरला मी धक्का लावला नाही. मुकाट्याने सहा, एक, तीन. बोटं कुठे पडतात ते मला पाठ होतं. का पडतात याचा विचार मी केला नाही, कारण का ते मला माहीत आहे अशी माझी खात्री होती.

आणखी एक गोष्ट मी बघून ठेवली होती. वाळवीने पियानो खाल्ला, आणि तुम्ही बदलापूरला ब्लॉक घेतलात त्या सुमाराला चर्चने उल्हासनगरहून कीबोर्ड आणला. सगळ्या पट्ट्या कोऱ्या, सगळ्या वाजणाऱ्या. त्यावर ताल वाजवायची बटणंही होती. अर्पणाच्या वेळी तुझा पदर लागून त्यातलं एक दाबलं गेलं आणि अर्पणाची थैली फिरत असताना लग्नाच्या वरातीचा ठेका सुरू झाला, तो दिवस याकोबकाका अजून विसरलेले नाहीत. पुढच्या रविवारी तू त्या बटणांवर जखमेला लावायची चिकटपट्टी लावून आलीस. ती अजून आहे. मी काढणार नाही. तर त्या कोऱ्या कीबोर्डवरही सकाळच्या गीतात ती जागा आली की तुझी करंगळी वरच्या पांढऱ्या एकवर जायची आणि हवेतच राहायची. पट्टी वाजत असूनही तू ती वाजवायची नाहीस. मी एकदा विचारलं, तर म्हणालीस, "सवय." मी म्हटलं, जुन्या पियानोने हिला पांगळं करून ठेवलंय.

शेवटी दवाखान्यात भेटले तेव्हा काही मोठं बोलणं झालं नाही. तू म्हणालीस, "कीबोर्डवर ओलं फडकं फिरवू देऊ नकोस." मी म्हटलं, बरं. तेवढंच. त्यापेक्षा काही चांगलं बोलायला हवं होतं, असं लोक म्हणतात. पण आपलं सगळं बोलणं असंच होतं ना गं? फडकं, मीठ, पट्टी.

तर त्या दिवशी चर्च भरलं होतं. बाहेरही माणसं उभी होती. बदलापूरच्या तुझ्या बिल्डिंगमधल्या बायका आल्या होत्या, त्यांना गीतं येत नव्हती, पण पुस्तकं हातात धरून त्या उभ्या होत्या. तुझ्या उजव्या हाताला नगरची मंडळी, डाव्या हाताला आपली. पहिली दोन गीतं कशीबशी पार पडली. मग पाळकसाहेबांनी सकाळचं गीत सांगितलं.

शेवटपर्यंत माझं ठरत नव्हतं. पाहुण्यांचा मान ठेवून अंगण वाजवू? की आपलं नेहमीचं मागचं दार? मी पेटीवाली, माझ्या कानाला एका वेळी एकच सूर खरा. काही वाजवलं तरी अर्धी माणसं खोटी पडणार होती. पाच, सहा, सात. सगळे जिना चढले. दादांनी डोळे मिटले होते. आणि माझ्या हाताने माझं न ऐकता तेच केलं जे त्याला इतकी वर्षं सवयीचं होतं. मागचं दार उघडलं.

नगरची माणसं वर गेली. आपली खाली आली. आणि वहिनी, काहीच आपटलं नाही.

मी इतका भरलेला सूर आपल्या चर्चमध्ये कधी ऐकला नाही. वरचा सूर आणि खालचा सूर एकमेकांशेजारी असे उभे राहिले की जणू ते गीत आधीपासून दोघांचं होतं. याकोबकाकांनी चमकून मान वर केली. बाहेरच्या बायकाही आत बघायला लागल्या. मी पट्ट्यांवर बोटं ठेवून बसले होते, सहा, एक, तीन, आणि माझ्या बोटांकडे बघत होते. आपली माणसं सहावर. तुझ्या माहेरची एकवर. दोन्ही सूर त्या एका कॉर्डमध्ये पहिल्यापासून होते. चुकलेल्यांना तू उठवलं नव्हतंस, आणि ज्यांचं बरोबर होतं त्यांची जागाही मोडली नव्हतीस. तुझी करंगळी जिथे हवेत राहायची, तिथे तुझे दादा गात होते. ती पट्टी तू सवयीने सोडत नव्हतीस. येणाऱ्या माणसासाठी मोकळी ठेवत होतीस.

मला रडू आलं. त्या दिवसभरात पहिल्यांदा. डोळ्यांपुढे काही दिसेना, पण पुढे फाटक आणि मग घर, एवढं मला डोळे मिटूनही येतं. ते तूच शिकवलंस.

दफन झाल्यावर दादा माझ्याजवळ आले. "ताई, तुमच्याकडं दुसरा आवाज पण बसवलाय होय? छान बसवलाय." मी म्हटलं, "रतननं बसवला." त्यांना खरी गोष्ट सांगितली नाही. फुगलेल्या पट्टीची गोष्ट आपल्या घरातली आहे.

तेव्हापासून मी तुझ्याशी मनात भांडते आहे. सरळ सांगायला काय झालं होतं? "मार्था, या कॉर्डमध्ये दोघांचे सूर बसतात," एवढं एक वाक्य. मी शाळेतली बाई आहे, मला समजलं असतं. पण मग वाटतं, मला पटलं नसतं. मी वाद घातला असता की एका चर्चमध्ये एकच सूर हवा. आणि मग बाळाचं काय, वहिनी? मी इतकी वर्षं त्या मायनरमध्ये त्याला ऐकत आले, त्यामुळे तुला कधी टोचून बोलले नाही, त्या जागी आले की मनातल्या मनात तुझ्या पाठीवरून हात फिरवायचे. ती माझी समजूत सगळी फुकट होती का? तू नुसतं "म्हणून पण" म्हणाली होतीस. एक कारण सांगितलंस, दुसरं मला तुझ्या अंत्यविधीला कळलं. तिसरं होतं की नव्हतं, ते आता कुणाला विचारू?

कालच्या रविवारी नगरचं कुणी नव्हतं. सकाळचं गीत मीच मुद्दाम सांगितलं. वरची जागा रिकामी राहणार याची मनाची तयारी करून बसले होते. पाच, सहा, सात, आणि मागच्या बाकावरून याकोबकाका वर गेले! अगदी बरोबर, पांढऱ्या एकवर. आणि वर जाऊन त्यांनी बाकीच्यांकडे असं बघितलं, की जणू इतकी वर्षं तेच सगळ्यांना सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. मला खुदकन हसू आलं आणि मी डावीकडे वळले. तू वाजवत नसलीस की जिथे उभी राहायचीस, तिकडे. तिथे भिंत होती.

मग मी पुन्हा समोर बघितलं. सहावर आपली माणसं होती. एकवर याकोबकाका होते. तिसरा सूर, पांढरी तीन, तिथे कुणीच गात नाही, तो फक्त डाव्या हातात असतो. मंडळी पुढच्या ओळीला गेली, तरी मी त्या पट्टीवरून बोट उचललं नाही. जरा जास्त वेळ धरून ठेवलं.